तांब्याची साळुंकी आणि तीन नकार

एका राज्यात नको म्हणण्याची रीत नव्हती. शब्द होता, रीत नव्हती. कोणी कोणाच्या घरी काही घेऊन गेलं की घरधनी म्हणायचा, "अहो नको, कशाला आणलंत?" आणि म्हणता म्हणता दोन्ही हात पुढे करायचा. पाहुणा म्हणायचा, "असू द्या. खास तुमच्यासाठी आणलं." भेट या हातातून त्या हातात जायची, आत जाऊन कपाटात बसायची आणि सणवार आला की नवं कापड पांघरून दुसऱ्याच्या घरी निघायची. शाली अंगावर न पडताच जुन्या होत. अत्तरदाण्या अत्तराचा थेंब न बघता काळ्या पडत.

अशा फिरत्या भेटींचे नियमही ठरून गेले होते. वरचं कापड बदलायचं. बुडाशी कोणाचं नाव कोरलेलं असेल तर घासून काढायचं. ज्या आळीतून आली त्या आळीत द्यायची नाही, आणि देणाऱ्याच्या व्याह्यांकडे तर नाहीच नाही. देताना तिच्याकडे फार वेळ बघायचं नाही. बघितलं की देणाऱ्याला हसू येतं.

त्या राज्याचा राजा धीरसेन, राणी पद्मलेखा. राजा भला माणूस. कोणाचं मन मोडणं त्याच्या जिवावर येई, म्हणून राजवाड्याच्या सात दालनांत नको असलेल्या वस्तू भरल्या होत्या, आणि त्यांची धूळ झटकता झटकता राणीचं तारुण्य सरलं होतं.

एके वर्षी राजाच्या वाढदिवशी डोंगरावरचा जटाळ मांत्रिक दरबारात आला. डाव्या हातानं त्यानं एक तांब्याची साळुंकी राजापुढे ठेवली. उंची हातभर, चोच वाकडी, एक डोळा मोठा आणि एक लहान.

राजा म्हणाला, "अहो नको, कशाला आणलंत?" आणि हात पुढे केले. "वा! फारच सुंदर."

मांत्रिक म्हणाला, "खास आपल्यासाठी, महाराज."

दुपारी राजाचं ताट वाढलं आणि कोनाड्यातली साळुंकी बोलू लागली. आधी राजाच्या आवाजात म्हणाली, "वा! फारच सुंदर." मग मांत्रिकाच्या आवाजात म्हणाली, "खास आपल्यासाठी." एवढं बोलून गप्प बसली. रात्रीच्या ताटालाही तेच, सकाळच्या न्याहारीलाही तेच. आपलंच खोटं आपल्याच आवाजात घासाघासाला ऐकणं सोपं नसतं. राजाचं जेवण तुटलं. साळुंकी विहिरीत टाकली, तर विहिरीनं ती सकाळी काठावर आणून ठेवली. भट्टीत घातली, तर भट्टी विझली. शेवटी राजानं तिला रेशमी कापडात गुंडाळलं आणि सेनापतीला दिली. म्हणाला, "खास तुमच्यासाठी ठेवली होती."

सेनापती बाहेर पडला आणि राजाची उजवी मूठ मिटली. ती पुन्हा उघडेना.

सेनापतीच्या घरी साळुंकी राजाच्या आणि सेनापतीच्या आवाजात बोलू लागली. सेनापतीनं ती न्यायाधीशाला दिली आणि त्याचीही मूठ मिटली. न्यायाधीशानं नगरशेठला दिली, नगरशेठनं आणखी कोणाला. साळुंकी गावोगाव गेली आणि ज्यानं दिली त्याची त्याची उजवी मूठ मिटत गेली. होता होता अर्धं राज्य डावखुरं झालं. बायका डाव्या हातानं पीठ मळू लागल्या. न्हावी डाव्या हातानं दाढी करू लागले, तेव्हा लोकांनी दाढ्या वाढवल्या. कोणी कोणाला विचारत नसे, की तुझी मूठ का मिटली. विचारणं बरं दिसलं नसतं.

पण नगरात राजानं ती सगळ्यांआधी पुढे ढकलली होती, म्हणून त्याचं निराळं झालं. साळुंकीनं घर बदललं की राजाचं अंग केसभर तांब्याचं होई. आधी पावलं झाली, मग पोटऱ्या, मग मांड्या. वैद्यांनी लेप लावले. त्यानं तांबं चकचकीत झालं, दुसरं काही झालं नाही. राजा सिंहासनावर बसला तो बसलाच. राणी त्याला भरवी, पुसे, त्याचे पाय चिंचेनं घासून लख्ख ठेवी.

"एवढं घासू नकोस," राजा म्हणे. "दमशील."

"मी कधीची दमले आहे, महाराज," राणी म्हणे. "घासलं नाही तर हिरवे पडाल."

एके दिवशी सरदार वीरभद्राची बायको विशाखाबाई दर्शनाला आली. तिच्या मागून दासीनं डाव्या कडेवर काहीतरी आणलं होतं, जांभळ्या कापडात गुंडाळलेलं. हातभर उंच. कापडातून वाकडी चोच पुढे आली होती.

राणीनं ओळखलं. पण तोंडाला सवय होती. "अहो नको, कशाला आणलंत?" ती म्हणाली आणि तिचे हात आपोआप पुढे झाले.

"असू द्या, राणीसाहेब," विशाखाबाई म्हणाली. "खास तुमच्यासाठी घडवून घेतली."

"घडवून?"

"आमच्या तांबटाकडून. समोर बसून."

ती उंबरा ओलांडते तोच तिची मूठ मिटली. आतून राजाची हाक आली. राणी धावत गेली, तर तांबं कमरेवर चढलं होतं, आणि या वेळी ते केसभर चढून थांबलं नव्हतं. डोळ्यांदेखत, अगदी सावकाश, ते वर सरकत होतं.

राजा म्हणाला, "कोण आलं होतं?"

"सगळं राज्य फिरून ती परत आली," राणी म्हणाली. तिनं साळुंकी पाठीला बांधली, पायांत वहाणा घातल्या आणि डोंगर चढू लागली.

जटाळ मांत्रिक गुहेच्या दाराशी घोंगडी पांघरून बसला होता. राणीच्या पाठीवरचं गाठोडं बघून त्यानं मान खाली घातली.

राणी म्हणाली, "तुमची भेट परत आणली आहे."

"दिलेली भेट परत घेत नाहीत."

"मग माझ्या नवऱ्याला सोडवा. त्यांनी तुमचं काय वाकडं केलं होतं?"

मांत्रिकानं घोंगडीतून उजवा हात बाहेर काढला. मूठ मिटलेली होती. "काही नाही," तो म्हणाला. "मला ती माझ्या गुरूंनी दिली. मलाही नको होती. मी म्हणालो, वा, फारच सुंदर. मग राजाचा वाढदिवस आला."

राणी दगडावर बसली. इतकी चढण चढून आल्यावर हेच ऐकायचं होतं, असं तिच्या मनात आलं. रागवायलाही अंगात त्राण नव्हतं.

"शाप मोडायचा कसा, ते तरी ठाऊक आहे?"

"आहे. तिच्या शेपटीत तीन पिसं आहेत. या राज्यात कोणी कोणापुढे भेट धरावी आणि समोरच्यानं खरा नकार द्यावा. एका नकाराला एक पीस गळेल. तीन गळली की सुटका."

"नकार तर रोज देतात. नको नको म्हणतच घेतात."

"तो नव्हे. तोंड नको म्हणतं आणि हात पुढे येतो, तो नकार नव्हे. हात मागे गेला पाहिजे."

"एवढं ठाऊक होतं, तर तुम्हीच का नाही मिळवले तीन नकार?"

"मी मांत्रिक आहे, राणीसाहेब. मी पुढे केलं की लोक घाबरून घेतात. लवकर निघा. ज्यानं दिली त्याच्याकडेच ती परत आली आहे, आता तांबं थांबणार नाही. गळ्याशी पोचलं की श्वास बंद."

राणी डोंगर उतरली आणि नगरात आली. पहिलं मोठं घर नगरशेठ कुबेरदासाचं. तिनं ओटीवर साळुंकी ठेवली आणि कापड बाजूला केलं. कुबेरदासानं ती ओळखली. त्याची मिटलेली मूठ त्यानं उपरण्याखाली लपवली.

"शेठजी," राणी म्हणाली, "ही तुमच्यासाठी. नको असेल तर मोकळेपणानं नको म्हणा."

"अहो नको, नको, राणीसाहेब! कशाला!" कुबेरदास म्हणाला आणि डावा हात पुढे करून त्यानं साळुंकीचं बूड धरलं.

पीस हललं नाही. राणीनं साळुंकी मागे ओढली. कुबेरदासानं सोडली नाही.

"सोडा, शेठजी. तुम्हाला नको आहे ना?"

"नको कसं म्हणू? आपल्या हातची भेट!"

"मग हवी आहे?"

"हवी तरी कसं म्हणू? हावरट दिसेन."

"शेठजी, महाराज मरायला टेकलेत. एकदा मनापासून नको म्हणा, पुरे आहे."

कुबेरदासाला घाम फुटला. "राजघराण्याला नको म्हणू? चारचौघांत? आपण भलतीच परीक्षा बघता. वाटलं तर माझं डोकं उडवा."

ही ओढाताण चालली असता आतून त्याची बायको भागीरथी बाहेर आली. डावा हात कोपरापर्यंत पिठानं माखलेला, उजवी मूठ मिटलेली. नवऱ्यानं न्यायाधीशाकडून घेतली आणि पुढे द्यायला तिच्या हातात सोपवली, म्हणून तिचीही मिटली होती. तिनं साळुंकी बघितली मात्र, झटकन दोन पावलं मागे झाली आणि दोन्ही हात पाठीशी नेले.

"नको!" ती म्हणाली. "नको, राणीसाहेब, पाया पडते. एकदा येऊन गेली आमच्याकडे. डाव्या हातानं भाकऱ्या थापून माझा खांदा उतरला. हे भिडेखातर घेतील, मग द्यायला जायचं मी. आता ही घरात आली तर मी माहेरी जाते, आणि यांना सांगा भाकऱ्या थापायला."

"अगं, राणीसाहेबांसमोर!" कुबेरदास म्हणाला.

खळ्ळकन आवाज झाला आणि साळुंकीच्या शेपटीचं एक पीस ओटीवर पडलं.

राणीला वाटलं, तिला मिठी मारावी. पण मिठीला वेळ नव्हता. तिनं गाठोडं बांधलं. जाता जाता कुबेरदास म्हणत होता, "भलतंच बोललीस," आणि भागीरथी म्हणत होती, "वीस वर्षांत पहिल्यांदा बरं बोलले."

त्यानंतर राणी घरोघर हिंडली. पण सांगावा तिच्यापुढे गेला होता, की राणीसाहेबांना नको म्हटलेलं हवं आहे. लोक आज्ञाधारक. दार उघडताच म्हणत, "नको, नको, नको!" आणि आज्ञा पाळल्याबद्दल हसून बघत. हातही मागे नेत, कारण कोणीतरी तेही सांगितलं होतं. राणीला संतोष व्हावा म्हणून दिलेल्या नकारानं पीस कसं गळावं? एका म्हातारीनं तर नको म्हणून दार लावलं आणि परत उघडून विचारलं, "बरोबर म्हटलं ना, बाई?"

राणी नगराबाहेर पडली. पाय सुजले होते. तळ्याच्या काठी गाठोडं उतरवून ती बसली. काठावर खड्यांच्या खळग्यात एक टिटवी अंडी उबवत होती.

"जरा पलीकडे बसा," टिटवी म्हणाली. "सावली पडते."

राणी पलीकडे सरकली. मग उगाच, काही सुचत नव्हतं म्हणून, तिनं साळुंकीवरचं कापड काढलं. "टिटवीबाई, ही तुम्हाला देते. घ्याल?"

टिटवीनं एकदा मान वळवून बघितलं. "नको," ती म्हणाली आणि पुन्हा अंड्यांकडे वळली.

खळ्ळकन दुसरं पीस पडलं.

राणी बघतच राहिली. मग तिच्या ध्यानात आलं, की आपल्या डोळ्यांत पाणी आलं आहे. पीस गळलं याचं नव्हे. ती राज्याची राणी होती, जन्मात तिला कोणी असं तोंडावर नको म्हटलं नव्हतं, आणि एका टिटवीनं तिच्याकडे धड न बघता म्हटलं होतं.

"रागावलात?" टिटवीनं विचारलं.

"नाही."

"रागावलात."

"थोडी."

"साळुंकी मला नको आहे. तुम्ही नको आहात असं मी कुठं म्हटलं?" टिटवी म्हणाली. "आम्हाला जे घ्यायचं ते चोचीत धरून उडावं लागतं, बाई. नको ते कोण उचलत बसेल?"

राणीनं डोळे पुसले. "आमच्याकडे कपाटं असतात," ती म्हणाली.

"हां," टिटवी म्हणाली, जसं एखाद्याचं दुखणं ऐकून म्हणावं.

राणी राजवाड्याकडे वळली. तिसरा नकार कोणाकडून घ्यायचा, हे तिनं वाटेत ठरवलं होतं. नगरात साळुंकी ज्याला सगळ्यांआधी नको झाली होती, त्याच्याइतका खरा नकार कोण देणार? ती दरबारात शिरली तेव्हा तांबं राजाच्या छातीवर चढलं होतं. दरबारी खांबांशी टेकून उभे होते, दमलेले, डावे हात लोंबत सोडून. राजाचा श्वास आखूड झाला होता. डावा हात तेवढा अजून हलत होता.

राणीनं साळुंकी त्याच्यासमोर धरली. "महाराज, ही तुमच्यासाठी आणली. खरं सांगा. हवी?"

राजानं साळुंकीकडे बघितलं. तिनं त्याचे पाय नेले होते, मांड्या नेल्या होत्या, जेवण नेलं होतं. सगळा दरबार त्याच्या ओठांकडे बघत होता.

"वा," राजा म्हणाला. "फारच सुंदर." आणि त्याचा डावा हात पुढे आला.

"महाराज!"

"काय करू, राणी?" राजाच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. "तू एवढी पायपीट करून आणलीस. तुझं मन कसं मोडू?"

तांबं गळपट्टीच्या हाडापर्यंत आलं. राणीनं साळुंकी जमिनीवर ठेवली आणि सिंहासनाच्या पायरीवर बसली. आता कोणाकडे जाणार?

राजा म्हणाला, "ऐक. वेळ थोडा आहे." त्यानं डाव्या हातानं डोक्यावरचा मुकुट काढला आणि तिच्यापुढे धरला. "हे राज्य तुला देतो. सात दालनं, सगळा जामदारखाना, सिंहासन. माझ्यानंतर इथं तू बस. घे, पद्मलेखा."

मुकुट समोर आला आणि राणीचे हात उठले. ते तिनं उचलले नव्हते. जन्मभर जे समोर आलं ते घेताना उठत आले, तसे उठले. तोंडही उघडलं, "अहो नको, कशाला," असं म्हणायला. आणि त्या क्षणी तिला दिसलं, की आपण हे घेणार. सात दालनं घेणार, त्यांची धूळ घेणार, हे रिकामं सिंहासन घेणार, घासून लख्ख ठेवणार. आणि शेजारी तांब्याचा नवरा.

तिनं हात मागे घेतले. मागे नेऊन एकमेकांत घट्ट धरले, कारण ते ऐकत नव्हते.

"नको," ती म्हणाली.

दरबारात कोणीतरी श्वास ओढला.

"नको?" राजा म्हणाला. मरता मरताही त्याला लागलं. "माझ्या बापजाद्यांचं राज्य आहे हे."

"असेल. मला नको. तुम्ही मनापासून देता, ते मला दिसतं. तरी नको. मला तुमच्यानंतरचं काही नको. मला तुम्ही हवे आहात, तेही असे बसलेले नव्हे. उठा, आपल्या हातानं वाढून घ्या, आपल्या हातानं जेवा. मला आता झोपायचं आहे, महाराज. किती वर्षं झाली, मी धड झोपले नाही."

मुकुट राजाच्या हातातून सुटला आणि गडगडत पायऱ्या उतरला. त्याच्या आवाजात तिसऱ्या पिसाचा आवाज कोणाला ऐकू आला नाही. पण जमिनीवर बसलेली साळुंकी हलली. तिचे दोन्ही डोळे सारखे झाले, चोच पिवळी झाली, अंगावर तपकिरी पिसं फुटली. ती दोन उड्या मारत खिडकीशी गेली, कोणाच्याही आवाजात नव्हे, आपल्या आवाजात एकदा ओरडली आणि उडून गेली. तिला परत या असं कोणी म्हटलं नाही.

राजाच्या गळ्यापासून तांबं उतरू लागलं. छाती मोकळी झाली, कंबर मोकळी झाली, पाय मोकळे झाले, आणि इतकी वर्षं न वापरलेल्या पायांना मुंग्या येऊन राजा पहिल्यांदा ओरडला. दरबाऱ्यांच्या मुठी उघडल्या. नगरात न्हाव्यांच्या उघडल्या, सुतारांच्या उघडल्या. विशाखाबाईची उघडली आणि तिनं लगेच तोंडावर धरली. डोंगरावर मांत्रिकाची उघडली. भागीरथीची पिठातच उघडली आणि परातीत पाचही बोटं उमटली.

राजा धरत धरत उठला. मुदपाकखान्यात जाऊन त्यानं आपल्या हातानं भात वाढून घेतला. अर्धा पानाबाहेर सांडला. वाढपी धावले, तर तो म्हणाला, "नको. माझं मी घेतो." वाढपी मागे सरले, आणि वाईट कोणालाच वाटलं नाही. मग त्यानं दुसरं ताट वाढलं, झाकलं आणि राणीच्या महाली नेलं. ती गाढ झोपली होती. त्यानं ताट उंबऱ्याशी ठेवलं आणि दाराशी बसून राहिला. कोणी हाक मारायला आलं की बोट ओठावर ठेवून तो त्याला परतवून लावी.

पुढे सात दालनं उघडली गेली. दवंडी पिटली, की ज्याला जे हवं असेल त्यानं यावं, बघावं आणि न्यावं. नको असेल त्यानं बघून परत जावं, कोणी रागावणार नाही. पहिले काही दिवस लोक नुसते येऊन बघून गेले. मग एकानं विचारलं, "हा पितळी अडकित्ता मला मिळेल? मला खरंच हवा आहे." तिथून दालनं रिकामी होऊ लागली. आपल्याला नको झालेली वस्तू दुसऱ्याला देण्यात लाज नाही, आधी विचारावं एवढंच, अशी रीत पडली. "माझ्याकडे पडून आहे, तुला हवी का?" असं लोक विचारू लागले. समोरचा हो म्हणे किंवा नको म्हणे. नको म्हटलं की थोडं लागे. थोड्या वेळानं ते जाई. मग दोघं मिळून पान खात.

राजा पुन्हा राज्य करू लागला, राणी पुन्हा धड झोपू लागली, हातांची कामं हातांकडे गेली. जसा राणीला नकार वेळेवर सुचला, तसा तुम्हाआम्हाला सुचो. आणि जसा तो राजानं ऐकून घेतला, तसा आपल्यालाही ऐकता येवो. कथा इथं थांबली. हवी त्यानं घ्यावी.